मायस्थेनिया ग्रेव्हिस: विश्रांती किती, हालचाल किती

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा वापरता वापरता स्नायू थकत जाण्याचा आजार झालेल्या माणसाला घरातून, शेजारातून आणि कधी कधी दवाखान्यातूनही एकच सल्ला मिळत राहतो: स्वस्थ पडून राहा, दगदग करू नका. सल्ला मायेपोटी दिलेला असतो आणि आजाराच्या पहिल्या दिवसांत, औषध लागू पडेपर्यंत, तो योग्यही असतो. परंतु हा आजार वर्षानुवर्षे सोबत राहणारा आहे. औषधाने तो आटोक्यात आल्यानंतरही तोच सल्ला तसाच पाळला गेला, तर रुग्णाच्या अंगात दोन प्रकारचा अशक्तपणा एकावर एक साचतो. एक आजाराने आणलेला, दुसरा बसून राहिल्याने आलेला. पहिल्यासाठी गोळ्या आहेत. दुसऱ्यासाठी हालचालीशिवाय उपाय नाही, आणि गोळ्यांचा डोस वाढवून तो भरून काढण्याचा प्रयत्न केला तर नुकसानच होते.

गोव्यात या आजाराचे नाव फारसे कुणी ऐकलेले नसते. अमिताभ बच्चन यांनी आपल्याला तो असल्याचे जाहीरपणे सांगितले असल्यामुळे काहींच्या कानांवरून गेलेले असते, एवढेच. फोंड्याला राहणाऱ्या माझ्या आत्याला हा आजार झाला, तेव्हापासून तिच्याबरोबर न्यूरॉलॉजिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडे जाताना, विचारताना आणि वाचताना जे उमगत गेले, ते येथे मांडले आहे. प्रत्येक रुग्णाची मर्यादा वेगळी असते आणि ती त्याच्या डॉक्टरांनीच तपासून ठरवायची असते. पण ती मर्यादा कशाच्या आधारावर ठरते, हे रुग्णाला आणि घरच्यांना समजले तर ती पाळणे पुष्कळ सोपे होते.

आजारात नेमके काय बिघडते

मेंदूकडून निघालेली आज्ञा मज्जातंतूतून विद्युत्-संदेशाच्या रूपाने स्नायूपर्यंत येते. मात्र मज्जातंतूचे टोक आणि स्नायू यांच्यामध्ये डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक फट असते आणि ती फट विद्युत्-संदेशाला ओलांडता येत नाही. तेथे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन कामी येते. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांपुढे आणावी. मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीनच्या बोटी सुटतात, स्नायूच्या काठावरच्या धक्क्यांना लागतात, आणि पुरेशा बोटी लागल्या की स्नायू आकुंचन पावतो. काम झाले की कोलीनएस्टरेज नावाचे विकर (एन्झाइम) त्या बोटी लगेच मोडून काढते, म्हणजे पुढच्या आज्ञेसाठी जागा मोकळी होते. मायस्थेनियामध्ये शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती स्नायूच्या काठावरच्या धक्क्यांना परके समजते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. काही धक्के अडवले जातात, काही मोडून पडतात. बोटी पूर्वीसारख्याच सुटत राहतात, पण त्यांना लागायला जागा पुरत नाही.

आजार अंगभर पसरलेला असलेल्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८० ते ८५ जणांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात. उरलेल्यांपैकी काहींमध्ये ‘मस्क’ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे असतात. त्यांच्यात मान, घसा आणि श्वासाचे स्नायू अधिक पकडले जातात, म्हणून त्यांच्या व्यायामाची आखणी जास्त सावधपणे करावी लागते. काही रुग्णांचा आजार केवळ डोळ्यांपुरताच राहतो. पापणी मिटू लागते, एकाची दोन दिसतात, पण हातापायांची ताकद शाबूत असते.

व्यायामाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. एकच हालचाल लागोपाठ केली की मज्जातंतूच्या टोकाकडून दर वेळी सुटणारे ॲसिटिलकोलीन थोडे थोडे कमी होत जाते. हे निरोगी माणसातही घडते, परंतु त्याच्याजवळ गरजेपेक्षा कितीतरी जास्त शिल्लक असल्यामुळे ही घट त्याला जाणवतच नाही. मायस्थेनियात ती शिल्लकच संपलेली असते. म्हणून पहिल्यांदा हात सहज वर जातो, दहाव्या वेळी जड होतो, पुढे जाईनासा होतो, आणि काही मिनिटे स्वस्थ बसले की पुन्हा वर जातो. इंग्लंडचे वैद्य थॉमस विलिस यांनी १६७२ मध्ये अशाच एका स्त्रीचे वर्णन लिहून ठेवले आहे. ती बोलायला सुरुवात नीट करीत असे, पण घाईने किंवा फार वेळ बोलली की तिची वाचा बसे आणि तास-दोन तास परत येत नसे. ‘सकाळी तर ही चांगली काम करत होती, आता हात उचलत नाही म्हणते’ असे जेव्हा घरात बोलले जाते, तेव्हा रुग्णाच्या मनाला किती लागते हे मी पाहिले आहे. सकाळची ताकद खरी असते आणि दुपारचा दुबळेपणाही तितकाच खरा असतो. आजाराचे लक्षणच ते आहे.

उपचाराचा पहिला धागा १९३४ मध्ये मेरी वॉकर या डॉक्टरांना सापडला. या आजाराची लक्षणे क्युरारे या विषाच्या परिणामांसारखी आहेत, तर त्या विषावरचा उतारा येथेही चालेल, असा विचार करून त्यांनी फायसोस्टिग्मिन हे औषध रुग्णाला टोचले आणि ताकद काही काळ परत आली. आजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच वंशातली आहे. ती धक्के दुरुस्त करीत नाही. कोलीनएस्टरेजला रोखून बोटींना काठाशी थोडा जास्त वेळ थांबू देते. मूळ दोषावर, म्हणजे चुकलेल्या रोगप्रतिकारशक्तीवर, काम करतात ती प्रेडनिसोलोन, ॲझाथायोप्रिन यांसारखी औषधे आणि काही रुग्णांत छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया. प्रेडनिसोलोनचा परिणाम दिसायला काही आठवडे, तर बाकीच्यांचा दिसायला महिने लागतात.

स्नायू निरोगी आहे, म्हणूनच

वरच्या सगळ्या विवेचनात स्नायूच्या आत काही बिघडल्याचे आलेले नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. बिघाड संदेश पोहोचण्याच्या जागी आहे. स्नायू स्वतः बहुतेक रुग्णांत धडधाकट असतो. धडधाकट स्नायू वापरला नाही तर रोडावतो आणि वापरला तर बळावतो. हा नियम या रुग्णांनाही लागू आहे. माझ्या मते रुग्णाला सांगायची पहिली गोष्ट हीच असायला हवी, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा राहून जाते.

स्नायू दुबळे करणाऱ्या इतर आजारांना मात्र हे जसेच्या तसे लावू नये. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीमध्ये स्नायूपेशीच्या आवरणाला आधार देणारे डिस्ट्रोफिन हे प्रथिनच तयार होत नाही. त्यामुळे ताण घेत लांबणाऱ्या स्नायूला, उदाहरणार्थ उतार उतरताना किंवा वजन हळूहळू खाली ठेवताना, खरी इजा होते आणि जड व्यायाम तेथे घातक ठरतो. स्नायूंना सूज आणणाऱ्या मायोसायटिसच्या रुग्णांना पूर्वी सक्तीची विश्रांती सांगितली जाई, आता देखरेखीखालचा व्यायाम उपचाराचाच भाग मानला जातो. म्हणून ‘मसल्सचा आजार आहे’ एवढ्या माहितीवर शेजारच्या रुग्णाचा व्यायाम उचलू नये. आधी आजाराचे पूर्ण नाव ठाऊक हवे.

मायस्थेनियाच्या रुग्णांना व्यायाम सोसतो का, हे पाहण्यासाठी स्वीडनमध्ये सौम्य आजाराच्या एका लहान गटाला १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दम वाढवणारा आणि ताकद वाढवणारा असा दोन्ही प्रकारचा व्यायाम देखरेखीखाली देण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. आजार बळावला नाही आणि स्नायूंची कामगिरी सुधारली. गट लहान होता, आणि ज्यांचा आजार औषधाने स्थिर झालेला नाही, ज्यांना गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास आहे, त्यांना हा निष्कर्ष लागू होत नाही. पण ‘व्यायाम केला की आजार वाढतो’ ही जुनी समजूत सौम्य आणि स्थिर आजाराच्या बाबतीत टिकत नाही, एवढे त्यातून नक्की म्हणता येते.

वेळ आणि हवा

पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात तिचा परिणाम सुरू होतो, एक ते दोन तासांनी तो सर्वाधिक असतो आणि तीन ते सहा तासांत ओसरतो. व्यायामाची वेळ यावरून ठरते. सकाळची गोळी, तिच्याबरोबर थोडी पेज किंवा दोन बिस्किटे, कारण रिकाम्या पोटी या गोळीने मुरडा येतो, आणि त्यानंतर तासाभराने चालायला निघणे, हा आत्याचा क्रम आहे. व्यायाम जास्त करता यावा म्हणून स्वतःच्या मनाने एखादी गोळी वाढवणे हा मोह घातक आहे. गोळी प्रमाणाबाहेर गेली की तोंडाला पाणी सुटते, जुलाब होतात, अंगाचे स्नायू फडफडतात, आणि ज्यासाठी गोळी घेतली तो दुबळेपणा उलट वाढतो.

हवेचा प्रश्न गोव्यापुरता विशेष महत्त्वाचा आहे. पापणी उतरलेल्या रुग्णाच्या मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटे बर्फ धरला तर पापणी थोडी वर उचलली जाते, आणि निदानासाठी ही साधी चाचणी डॉक्टर वापरतातही. थंडाव्याने कोलीनएस्टरेजचे काम मंदावते आणि संदेश नीट पोहोचतो. उष्णतेत याच्या उलट होते. विदर्भातल्या पाहुण्यांना आपला उन्हाळा काहीच वाटत नाही, कारण पणजीचा पारा मे महिन्यातही बहुधा ३३-३४ अंशांच्या आसपासच असतो. परंतु समुद्रकाठच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीराला थंड होता येत नाही. त्यामुळे आकड्याने सौम्य दिसणारी एप्रिल-मेची सकाळ मायस्थेनियाच्या रुग्णाला आठ वाजल्यानंतर जड जाते. त्या दोन महिन्यांत उजाडता उजाडता फिरून यावे, नाहीतर घरात पंख्याखाली व्यायाम करावा. मानेवर ओला पंचा ठेवावा, व्यायामाच्या आधी आणि नंतर फार गरम पाण्याने अंघोळ करू नये. गरम पाण्याने अंग मोकळे होते ही आपली जुनी समजूत. या आजारात त्याने अंग गळते.

चालायला जागा निवडताना सपाटी आणि बसायची सोय या दोनच गोष्टी पाहाव्यात. पणजीत मिरामारचा पदपथ आणि कांपालचा परिसर त्या दृष्टीने चांगला. आल्तिनोचा चढ सुरुवातीला टाळावा. किनाऱ्यावर जायचेच असेल तर कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय ओढत चालू नये, पाण्याजवळच्या घट्ट वाळूवरून चालावे. अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, राहणाऱ्यांना देवळांची पटांगणे ही मोठीच सोय आहे. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथे सकाळच्या वेळी सावली असते, जमीन सपाट असते, टेकायला जागा असते, आणि प्रदक्षिणा मोजल्या की आज किती चाललो याचा हिशेबही आपोआप राहतो. ऊन चढल्यावर मात्र अनवाणी पायांना तापलेल्या फरशीवरून घाईघाईने चालावे लागते, आणि तोल जाण्याचा धोका नेमका तेव्हाच असतो.

समुद्रात पोहण्याविषयी माझे मत कडक आहे. मानेचे किंवा श्वासाचे स्नायू थोडेही कमकुवत असतील तर समुद्रात उतरू नये, कारण या आजारात ताकद अर्ध्या वाटेत संपते आणि पाण्यात ती अर्धी वाट किनाऱ्यापासून दूर असते. तरणतलावात, कमरेएवढ्या पाण्यात, जाणते माणूस सोबत असताना चालण्याचा व्यायाम करता येतो, आणि पाणी अंगाला थंड ठेवते हा त्याचा फायदाच आहे.

किती करायचे

मायस्थेनियातला व्यायाम थोडा थोडा आणि थांबून थांबून करायचा असतो. हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड, कारण व्यायाम म्हणजे दमेपर्यंत करणे अशीच आपली शिकवण असते. जिममध्ये ‘अजून एक, अजून एक’ म्हणत शेवटचा जोर काढायला लावतात. तो शेवटचा जोर या रुग्णांनी कधीही काढायचा नाही. हालचाल जड होऊ लागली की थांबावे, दोन-तीन मिनिटे बसावे, ॲसिटिलकोलीनचा साठा भरून येऊ द्यावा आणि मग पुढची खेप करावी. दहा वेळा लागोपाठ उठाबशा काढण्याऐवजी खुर्चीवरून पाच वेळा उठावे, विसावावे, आणि पुन्हा पाच वेळा उठावे. काम तेवढेच होते, पण स्नायू कोरडा पडत नाही.

खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्याचा व्यायाम साधा दिसतो, तरी मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. मांड्या आणि कंबर यांचे जे स्नायू त्यात लागतात, तेच बसची उंच पहिली पायरी चढायला, कमोडवरून उठायला आणि पाटावरून उभे राहायला लागतात. त्याच्या जोडीला सपाटीवर चालणे आणि रबरी पट्ट्याने दंड-खांद्यांचे हलके व्यायाम, एवढे पुरेसे आहे. ताकदीचा व्यायाम लागोपाठ दोन दिवस करू नये. सूर्यनमस्काराची सवय असलेल्यांनी पूर्ण आवर्तने घालण्याचा आग्रह सोडावा. एक घालावा, बसावे, मग दुसरा घालावा. मान दुबळी असेल तर शीर्षासन आणि सर्वांगासन वर्ज्य समजावे. प्राणायामात श्वास रोखून धरण्याचा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सावकाश खोल श्वास घेणे चालते.

झेपेल एवढाच वेग ओळखण्यासाठी ‘चालताना बोलता आले पाहिजे’ असा एक सर्वसाधारण नियम सांगितला जातो. या रुग्णांनी त्याकडे जरा वेगळ्या कानाने पाहावे. धाप लागली नसतानाही आवाज नाकात जाऊ लागला, शब्द जड होऊ लागले, तर घशाचे स्नायू थकल्याची ती खूण असते आणि त्या क्षणी थांबायला हवे. पापणी उतरणे, एकाची दोन दिसणे, मान पुढे झुकू लागणे याही तशाच खुणा आहेत. दोन दोन दिसत असताना पायऱ्या उतरू नयेत. एक डोळा झाकला तर दुहेरी दिसणे थांबते, पण खोलीचा अंदाजही जातो, म्हणून कठडा धरलेला असावा.

व्यायाम झाल्यावर काही वेळ थकवा येणारच. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर तो ओसरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची ताकद असली, तर प्रमाण बरोबर होते. अर्ध्या तासानंतर आधीपेक्षा जास्त दुबळे वाटत असेल, किंवा दुसऱ्या दिवशीची सकाळच जड उगवली, तर पुढच्या वेळी निम्मे करावे. वाढवायचे ते एका वेळी एकच: अंतर तरी वाढवावे, नाहीतर खेपा तरी, आणि तेही दोन-तीन आठवडे सारखे सुरळीत गेल्यावर. यासाठी एक वही ठेवणे फार उपयोगी पडते. तारीख, गोळीची वेळ, किती चालले आणि अर्ध्या तासानंतर कसे वाटले, या चार गोष्टी लिहून ठेवल्या, तर डॉक्टरांनाही औषधाचा डोस ठरवताना पक्का आधार मिळतो.

घरकाम हाही व्यायामच

व्यायामाचा वेळ वीस मिनिटांचा, पण ताकद दिवसभर खर्च होत असते. खर्चाची मोठी कामे कोणती, हे ओळखावे लागते, आणि मायस्थेनियात ती बहुधा हात खांद्याच्या वर धरून करायची कामे असतात: केस विंचरणे, दोरीवर कपडे वाळत घालणे, माळ्यावरचा डबा काढणे. एकाच लयीत हात चालवायची कामेही तशीच; नारळ खवणे हे त्याचे घरोघरचे उदाहरण.

चतुर्थीच्या दिवसांत हे सगळे एकत्र येते. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळांची आरास, बांधायची म्हणजे मान मागे टाकून, दोन्ही हात डोक्याच्या वर ठेवून सुपारीचे घोस, कवंडळे, आंबाडे आणि नारळांचा घड लाकडी चौकटीला आवळत राहायचे. आजाराच्या पहिल्या वर्षी आत्याला ‘तू बस, आम्ही बांधतो’ असे सांगून बाजूला बसवले गेले आणि त्याने ती मनाने खचली. पुढच्या वर्षी फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून कामाची फोड केली. गोळीनंतर तासाभराने ती टेबलापाशी खुर्चीवर बसली, कोपरे टेबलावर टेकवून एकेका फळाला दोरीचा फास घालत गेली आणि तयार फळे वर टांगण्यासाठी माझ्या हाती देत गेली. चार-पाच फळे झाली की हात मांडीवर. कुठले फळ कुठे यायचे, हे तिनेच सांगितले. संध्याकाळी घुमट या मातीच्या वाद्यावर आरत्या सुरू झाल्या तेव्हा ती एक आरती म्हणायची आणि पुढच्या आरतीला नुसत्या हलक्या टाळ्या वाजवायची, कारण लागोपाठ गायले तर जेवताना घास गिळायला त्रास होतो, हे तिला अनुभवाने कळले होते. जेवणही अशा दिवशी गोळीच्या भरात, गाण्याच्या आधी उरकलेले बरे.

स्टेरॉइड चालू असताना

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मोठ्या डोसने सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत काही रुग्णांचा आजार आधी थोडा बळावतो आणि मग सुधारतो. नवा व्यायाम सुरू करण्याची ती वेळ नव्हे. दीर्घकाळ घेतल्यास हेच औषध हाडे ठिसूळ करते, साखर आणि वजन वाढवते, आणि मांड्यांच्या स्नायूंना स्वतःच झिजवते. त्यामुळे पायऱ्या चढणे जड होऊ लागले, पण पापणी, आवाज आणि गिळणे ठीक आहे, असे असेल तर तो आजाराचा नव्हे, औषधाचा परिणाम असू शकतो. हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे, कारण दोन्हींचे उपाय परस्परांविरुद्ध आहेत. पायांवर भार घेऊन चालणे आणि खुर्चीवरून उठणे हे हाडांसाठी, साखरेसाठी आणि त्या झिजणाऱ्या मांड्यांसाठीही उपयोगी आहे, म्हणून स्टेरॉइड घेणाऱ्याला हालचालीची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

याच ठिकाणी औषधांविषयी थोडे सांगणे भाग आहे. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन यांसारखी काही अँटिबायोटिके, रक्तदाबासाठी व धडधडीसाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातली औषधे, शिरेतून दिले जाणारे मॅग्नेशियम आणि क्विनीन यांनी हा आजार बळावू शकतो. क्विनीन टॉनिक वॉटरमध्येही असते, हे गोव्यात सांगून ठेवलेले बरे. पायांत गोळे येतात म्हणून दुकानातून मॅग्नेशियमच्या गोळ्या आणून सुरू करू नयेत. आजाराचे नाव आणि चालू औषधे लिहिलेले कार्ड फिरायला जातानाही खिशात असावे.

केव्हा थांबायचे आणि कुठे जायचे

सपाट झोपल्यावर धाप लागणे, खोकला काढायला जोर न पुरणे, लाळ गिळता न येणे, वाक्य पुरे करायला मध्येच श्वास घ्यावा लागणे, ही विश्रांती घेऊन वाट पाहण्याची लक्षणे नव्हेत. श्वासाचे स्नायू दमल्याची ती चिन्हे आहेत. १०८ ला फोन करून तातडीने इस्पितळात जावे आणि तेथे पोहोचताच आजाराचे नाव सांगावे. करोनापासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहेत, पण त्यावर येथे भिस्त ठेवू नये. या प्रकारच्या त्रासात ऑक्सिजनचा आकडा अगदी शेवटपर्यंत चांगला दिसू शकतो. त्यापेक्षा बरे असताना एक खोल श्वास घेऊन एका दमात किती अंक मोजता येतात, ते वहीत लिहून ठेवावे. तो आकडा नेहमीपेक्षा स्पष्टपणे खाली आला की डॉक्टरांना कळवावे, आणि २० पर्यंतही मोजता येत नसेल तर थांबू नये.

गोव्यात पावसाळा या दृष्टीने कसोटीचा असतो. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि अंगणात शेवाळ धरते, पाय घसरतो, आणि त्या चार महिन्यांत बाहेरचे चालणे बहुतेक बंदच पडते. जुन्या घरात राजांगणाभोवतीच्या, म्हणजे मधल्या चौकाभोवतीच्या, पडवीतून फेऱ्या घालता येतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना जिन्याखालचा पार्किंगचा मोकळा भाग किंवा घरातला लांबचा लांब सरळ पट्टा पुरतो. याच दिवसांत ताप-सर्दीही घरात फिरत असते, आणि कोणताही संसर्ग हा मायस्थेनिया एकाएकी बळावण्याच्या मुख्य कारणांपैकी एक आहे. ताप असताना व्यायाम पूर्ण बंद ठेवावा. फ्लूची लस आधीच घेतलेली असावी. रोगप्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असतील तर जिवंत विषाणूंच्या लसी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ताप उतरल्यावर लगेच पूर्वीच्या अंतरावर जाण्याची घाई करू नये. गोळीचा डोस पूर्ववत झाला, गिळणे व आवाज नेहमीसारखे झाले, की आजारपणाआधीच्या निम्म्यापासून सुरुवात करावी, आणि खुर्चीवरून उठण्याच्या खेपा वहीतल्या जुन्या नोंदीशी पडताळत आठवड्या-आठवड्याने वाढवाव्यात. दोन-तीन आठवड्यांनंतरही जुनी नोंद गाठता आली नाही, तर स्वतःहून जोर लावू नये. वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जावे.